सांगलीतल्या आयल्ट्स क्लासचा रिव्ह्यू: तिसऱ्या आठवड्यात पैसे वसूल, बाकीचं ज्याचं त्यानं बघावं

आधीच सांगते, क्लासचं नाव टाकणार नाहीये. सांगली-मिरज म्हणजे एकच गाव, कुठल्या सिस्टरनं काय लिहिलंय ते दुसऱ्या दिवशी रिक्षा स्टँडवर पोचतं, आणि सरांशी माझं काही वाकडं नाही, वाकडं आहे ते ऑफिसातल्या मॅडमशी, पण त्यावर नंतर येते.

मी स्टाफ नर्स, आयसीयूला, नऊ वर्षं झाली. यूकेला जायचं डोक्यात आहे म्हणून आयल्ट्स, म्हणजे ती इंग्रजीची परीक्षा. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंग तिन्हीत 7 लागतात आणि रायटिंगला 6.5. रायटिंगलापण आधी 7 च होते, 2018 च्या शेवटी त्यांनी ते अर्ध्यानं खाली आणलं, त्याआधी ज्या बिचाऱ्या अडकल्या त्यांचे हाल विचारू नका. माझं पहिल्या वेळी बाकी सगळं बसलं आणि रायटिंगला 6 आले. अर्धा बँड (तिथं मार्कांना बँड म्हणतात) कमी! आणि परीक्षावाले पेपर परत दाखवत नाहीत, नुसता आकडा येतो, म्हणजे चुकलं काय हे कळायची सोयच नाही. म्हणून हा क्लास लावला. शनिवार-रविवार संध्याकाळी, आठ आठवडे, फी साडेनऊ हजार, एकरकमी.

जागा म्हणाल तर झेरॉक्सच्या दुकानाच्या वर दुसरा मजला, जिना अरुंद, खुर्च्या प्लास्टिकच्या आणि त्यातल्या दोन डुगडुगणाऱ्या, त्या उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला येतात म्हणजे कायम माझ्या. बॅच पंधराची म्हणाले होते, आम्ही बावीस होतो. फॅन दोन, त्यातला एक आवाज करतो म्हणून बंद ठेवायचा. सर ज्युनिअर कॉलेजातून रिटायर झालेले, सत्तरीच्या आसपास, बारीक अंगाचे, मार्कर संपला की तो हातावर आपटून परत लिहायला बघतात.

पहिल्या दिवशी त्यांनी काही शिकवलंच नाही. अर्धं पान लिहा म्हणाले, तुमच्या कामावर खरोखर घडलेलं काहीतरी. मी लिहिलं नाइट ड्यूटीला पेशंट पडला होता त्याचं. अगदी हॉस्पिटलच्या रिपोर्टमध्ये लिहितो तसंच: व्हाइल गिव्हिंग इंजेक्शन टू बेड फोर, बेड सेव्हन पेशंट फेल डाउन. सरांनी वाचलं, चष्मा काढला, आणि म्हणाले, "सिस्टर, बेड सातचा पेशंट बेड चारला इंजेक्शन देत होता? आणि देता देता पडला?" सगळा क्लास हसला. मला आधी कळेचना काय चुकलं. मराठीत बघा, "बेड चारला इंजेक्शन देताना बेड सातचा पेशंट पडला", यात कुणाला शंका येते का इंजेक्शन कोण देत होतं? नाही येत. नर्सच देणार ना. पण इंग्रजी असं समजून घेत नाही. त्या दिवशी सर एवढंच बोलले, "हे तिसऱ्या आठवड्यात बघू", आणि पुढच्याचा कागद घेतला.

पहिले दोन आठवडे टेन्स. टेन्सवर काही बोलत नाही, सगळीकडे असतात तसेच होते, मला दोनदा डुलकी लागली (नाइट करून आलेली होते, सरांना सांगितलं होतं).

आता तिसरा आठवडा. ह्याच्यासाठीच हा रिव्ह्यू लिहायला बसलेय.

सर आले, बोर्डवर मोठ्या अक्षरात लिहिलं "ताना". बाजूला बरोबरचं चिन्ह, त्याच्या बाजूला "व्हाइल". आणि मग बरोबरच्या चिन्हावर काट मारली. म्हणाले, तुम्हाला शाळेत हे शिकवलं, मीपण तीस वर्षं हेच शिकवलं, आणि ह्याच्यामुळंच तुमचं वाटोळं होतं. (सर असंच बोलतात, सवय होते.)

मग सगळ्यांना एक वाक्य दिलं. मी जेवत असताना फोन वाजला. इंग्रजी करा. बावीसपैकी निदान पंधरा-सोळा जणांनी लिहिलं, व्हाइल ईटिंग, द फोन रँग. सरांनी बोर्डवर एक फोन काढला, जुन्या काळचा, डायलवाला, त्याला दोन हात काढले, समोर ताट, ताटात भाकरी. फोन जेवतोय. जेवता जेवता वाजतोय. ते चित्र माझ्या डोक्यातून आयुष्यभर जाणार नाही आणि नियमही जाणार नाही. नियम असा की व्हाइलच्या पुढं नुसतं आयएनजीवालं क्रियापद ठेवून कर्ता गाळलात, तर गाळलेला कर्ता म्हणजे पुढच्या मुख्य वाक्याचा कर्ता असं धरलं जातं. फोन वाजला ना? मग फोनच जेवत होता. दोन कामं दोन वेगळ्या माणसांची असली की कर्ता लिहायचाच. व्हाइल आय वॉज ईटिंग, द फोन रँग. माझं वाक्य पण तसंच, व्हाइल आय वॉज गिव्हिंग अ‍ॅन इंजेक्शन टू बेड फोर, द पेशंट इन बेड सेव्हन फेल. दोन शब्द जास्त गेले, पण पेशंटच्या हातातली सिरिंज काढून घेतली.

आपल्या "ताना"ला असली काही अट नाही, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. पाऊस पडताना आम्ही निघालो. पडतोय पाऊस, निघालो आम्ही, एक "ताना" दोघांना धरून ठेवतो. आणि त्यामुळं आपला गोंधळही होतो कधी कधी, फक्त आपण तो संदर्भावर निभावून नेतो. सरांनी लगेच विचारलं, "मी त्याला पळताना पाहिलं". कोण पळत होतं? आम्ही म्हटलं तो. मग म्हणाले, "मी पळताना त्याला पाहिलं"? आता मी. शब्द जरासे इकडे तिकडे झाले की पळणारा बदलला, पण खात्री नाही, बोलताना दोन्ही कसंही घेता येतं. इंग्रजीत पहिलं आय सॉ हिम रनिंग, दुसरं व्हाइल आय वॉज रनिंग, आय सॉ हिम, तिथं वादच संपला. घरी आमच्याकडं परवा हेच झालं, सासूबाई म्हणाल्या, "मी तुला फोनवर बोलताना बाळाला रडताना ऐकलं." आता फोनवर त्या होत्या का मी होते का बाळ होतं? पण भांडण मात्र माझ्याशी झालं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, व्हेन. आणि हा भाग नर्सेसनी, डॉक्टरांनी, पोलिसातल्यांनी, ज्याला ज्याला इंग्रजीत रिपोर्ट लिहावा लागतो त्या सगळ्यांनी ऐकावा असा होता. सरांनी तीन वाक्यं लिहिली:

व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट वॉज स्लीपिंग.
व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट फेल अस्लीप.
व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट हॅड फॉलन अस्लीप.

पहिल्यात डॉक्टर आले तेव्हा तो झोपलेला, चालू स्थिती. दुसऱ्यात डॉक्टर आले आणि मग तो झोपला, म्हणजे डॉक्टरांना बघून झोप लागली म्हणा ना. तिसऱ्यात डॉक्टर यायच्या आधीच झोप लागून गेलेली. मी मागून म्हटलं, सर, झोपेच्या जागी श्वास टाका. द पेशंट स्टॉप्ड ब्रीदिंग आणि द पेशंट हॅड स्टॉप्ड ब्रीदिंग. क्लास एकदम गप्प. कारण पहिल्यात डॉक्टर आल्यावर श्वास थांबला, दुसऱ्यात आधीच थांबलेला, आणि उद्या चौकशी बसली तर ह्या एका हॅडवर कोण जबाबदार ते ठरतं. मी नऊ वर्षांत किती रिपोर्टात साधा भूतकाळ ठोकलाय ते आठवून मला घाम फुटला खरंच. सर पण जरा थांबले, मग म्हणाले, "सिस्टर, हे उदाहरण मी पुढच्या बॅचला वापरणार." वापरा म्हटलं.

मग व्हेनची खरी गंमत. आपल्याला शिकवतात व्हेन म्हणजे जेव्हा. पण सर म्हणाले, खूपदा व्हेन म्हणजे "तेवढ्यात". मी निघतच होते, तेवढ्यात बेड चारची बेल वाजली. आय वॉज जस्ट लीव्हिंग व्हेन द बेल रँग. इथं "जेव्हा बेल वाजली तेव्हा मी निघत होते" असं भाषांतर केलं तर अर्थ तोच, पण त्यातली धडकी जाते. व्हेन मागं आला की बातमी त्याच्या पोटात असते, व्हेन वाक्याच्या सुरुवातीला आला की बातमी दुसऱ्या तुकड्यात. आपण मराठीत वेळेचा तुकडा बहुतेक वेळा आधी टाकतो, "जेवत असताना", "आल्यावर", "तो असेपर्यंत", सगळं आधी, आणि मुख्य क्रियापद शेवटी, त्यामुळं आपल्या इंग्रजीतलं प्रत्येक वाक्य व्हेन नाहीतर व्हाइलनं सुरू होतं. एका पानावर सात. माझ्या मॉकमध्ये, म्हणजे सरावाच्या पेपरात, सरांनी सातही मोजून गोल केले होते. आणि स्वल्पविराम, वेळेचा तुकडा आधी आला की स्वल्पविराम, मागं आला की बहुतेक नाही. एवढं सोपं होतं आणि कुणी सांगितलं नव्हतं.

व्हाइलला लांबी लागते. एक काम पसरलेलं असलं पाहिजे, त्याच्या आत दुसरं घडतं किंवा त्याच्या शेजारून चालतं. दोन्ही लांब असली तर दोन्हीकडं वॉज आणि आयएनजी टाका नाहीतर दोन्हीकडं साधा भूतकाळ, दोन्ही चालतं. पण वयाच्या बाबतीत व्हाइल नाही. "मी लहान असताना" हे आपण सगळे व्हाइल आय वॉज स्मॉल लिहितो, ताना दिसला की बोटं आपोआप व्हाइल टाइप करतात, तिथं व्हेन पाहिजे, व्हेन आय वॉज अ चाइल्ड. आणि ड्यूरिंगनंतर वाक्य येत नाही, नाम येतं. ड्यूरिंग द राउंड बरोबर, ड्यूरिंग आय वॉज ऑन राउंड चूक. मीनव्हाइल तर दोन वाक्यं जोडतच नाही, ते आपलं "दरम्यान", टीव्हीवरच्या बातम्यांतलं. हे तिन्ही मला सारखेच वाटायचे.

सरांनी हेही सांगितलं की व्हाइल मुळात नामच होतं, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ काही वेळ, काळाचा तुकडा. फॉर अ व्हाइलमध्ये तो अजून जिवंत आहे. त्यामुळं लांबी का लागते ते डोक्यात बसलं, तुकडाच आहे तो, त्यात काहीतरी मावायला पाहिजे. अ‍ॅजचं पण काहीतरी सांगत होते, की अ‍ॅज आणि ऑल्सो एकाच जुन्या शब्दाची दोन पोरं, पण तेवढ्यात खाली कुणाच्या तरी गाडीचा सायरन सुरू झाला आणि अर्धा क्लास खिडकीत. पार्किंगची बोंब आहे तिथं, सांगून ठेवते.

आता माझा आवडता भाग. आमच्यात एक केरळची सिस्टर होती, बारा-तेरा वर्षं मिरजेत, मराठी आपल्यापेक्षा चांगलं बोलते, आम्ही सगळ्या तिला चेचीच (तिच्या भाषेत ताई) म्हणतो. तिनं विचारलं, सर, ते तुमचं "जाता जाता", "हसत हसत", "बघता बघता" ह्याचं काय करायचं? सर खूश झाले. म्हणाले ह्याचं काही करायचं नाही, हे घरी ठेवून जायचं. लाफिंग लाफिंग शी केम असं इंग्रजीत होत नाही. शी केम इन लाफिंग, एकदाच. "जाता जाता दूध घेऊन ये" ह्यात व्हाइल गोइंग नाहीच, ऑन युअर वे. "बोलता बोलता त्यानं सांगून टाकलं" ह्यात बोलणं आणि सांगणं एकाच वेळी आहे, पण खरा अर्थ सहज, ओघात, नकळत असा आहे. आणि "बघता बघता पोरगी मोठी झाली" ह्यात कोण काय बघतंय? कुणीच काही बघत नाही. इंग्रजीत बिफोर वी न्यू इट. म्हणजे आपल्यात जिथं एकाच वेळी चाललंय असं रूप आहे तिथं इंग्रज म्हणतो आम्हाला कळायच्या आधीच. ह्यावर मी घरी येऊन बराच वेळ विचार करत बसले, भांडी तशीच.

चेचीनं लगेच पुढचा प्रश्न टाकला, तो तर सरांनापण जरा विचार करायला लावणारा होता. "हात धुऊन जेव" आणि "मांडी घालून जेव", दोन्हीकडं ऊन. पहिल्यात हात आधी धुवायचे, मग जेवायचं. दुसऱ्यात मांडी घालून झाली, उठले, मग जेवले असं नाही ना, मांडी जेवण संपेपर्यंत आहे. मग ऊन म्हणजे आधी का एकाच वेळी? सरांनी बोर्ड पुसला आणि लिहायला लागले. क्रियापद एका झटक्यात संपणारं असेल, धुणं, उठणं, तर ऊन म्हणजे आधी. क्रियापदानं एक स्थिती तयार होत असेल आणि ती टिकत असेल, बसणं, घालणं, मिटणं, धरणं, तर ऊन म्हणजे त्या स्थितीत राहून. डोळे मिटून पडला. छत्री घेऊन आली. पहिल्याला इंग्रजीत आफ्टर किंवा हॅविंग वॉश्ड, दुसऱ्याला विथ हिज आइज क्लोज्ड, विथ अ‍ॅन अम्ब्रेला. व्हाइल कुठंच नाही! मला मराठी शाळेत दहावीला चांगले मार्क होते, पण "मांडी घालून" असं कधी मी सुटं करून बघितलं नव्हतं. इंग्रजीच्या क्लासला जाऊन मराठी कळलं असं माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग साडेनऊ हजार कशाला, मी फुकट शिकवलं असतं."

फ्युचरची एक चूक पण त्याच दिवशी निघाली. आपण म्हणतो तू येशील तेव्हा मी ड्यूटीवर असेन. दोन्हीकडं भविष्यकाळ, कानाला बरोबर वाटतं, म्हणून इंग्रजीतपण व्हेन यू विल कम, आय विल बी ऑन ड्यूटी. विल एकदाच, मुख्य वाक्यात. वेळेच्या तुकड्यात साधा वर्तमान, व्हेन यू कम. व्हाइललापण तेच, व्हाइल आय अ‍ॅम ऑन ड्यूटी, नो कॉल्स प्लीज. ही चूक मी व्हॉट्सअ‍ॅपवर रोज करत होते, कुणी बोललं नाही कारण समोरचापण तीच करत होता.

चौथ्या आठवड्यात हे सगळं परीक्षेला जोडलं आणि इथं सरांचा अनुभव दिसतो. रायटिंगमध्ये दोन टास्क, पहिल्याला ग्राफ नाहीतर टेबल, वीस मिनिटांत कमीतकमी 150 शब्द, दुसऱ्याला निबंध, चाळीस मिनिटांत 250, आणि दुसऱ्याचं वजन दुप्पट. मार्क चार गोष्टींवर, त्यातली एक ग्रामर, म्हणजे पाव हिस्सा, आणि त्यात नुसत्या चुका मोजत नाहीत, वाक्यांचे किती प्रकार वापरता तेपण बघतात. पहिल्या टास्कला ग्राफवर दोन रेघा एकाच वेळी वरखाली होत असतात, तर हा सगळा व्हाइल आणि अ‍ॅजचाच खेळ. दोन रेघा नुसत्या शेजारी ठेवायच्या असतील तर व्हाइल: व्हाइल टी सेल्स रोज, कॉफी सेल्स रिमेन्ड फ्लॅट. हा आपला "तर", चहा वाढला तर कॉफी होती तिथंच. एकीच्या वाढण्याबरोबर दुसरी हलतेय असं म्हणायचं असेल तर अ‍ॅज: अ‍ॅज द प्राइस रोज, सेल्स फेल. आणि हा अ‍ॅज म्हणजे आपला "जसजसा-तसतसा". जसजसा भाव चढला तसतशी विक्री पडली. हे सरांनी म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात दिवा पेटला. दहा वर्षं मला अ‍ॅज कुठं वापरायचा कळत नव्हता आणि उत्तर "जसजसं"मध्ये होतं.

फक्त एक सावध केलं. अ‍ॅजचा अर्थ "कारण" असापण होतो. अ‍ॅज आय वॉज गिव्हिंग मेडिसिन्स, आय डिड नॉट टेक द कॉल. औषधं देताना फोन घेतला नाही, का औषधं देत होते म्हणून घेतला नाही? दोन्ही लागतं. गप्पांत काही बिघडत नाही, पण रिपोर्टात वेळ सांगायची तर व्हाइल, कारण सांगायचं तर बिकॉज, अ‍ॅज घरी. आणि ग्राफमध्येपण जपून, ग्राफ कारण सांगत नसतो, दोन रेघा बरोबर हलल्या एवढंच सांगतो.

आता तक्रारी. एक तर नोट्स. सर जे शिकवतात आणि छापील नोट्समध्ये जे आहे त्यात जमीन-अस्मानाचा फरक, नोट्स कुणीतरी कुठून तरी उचलून आणल्यात. तिसऱ्या आठवड्याच्याच शीटवर उत्तरं म्हणून छापलंय, वॉकिंग ऑन द रोड, अ स्नेक बिट हिम. रस्त्यानं साप चालत होता! सरांना दाखवलं तर ते म्हणाले, मी दोन वर्षं सांगतोय ऑफिसला, छापून झालेली संपू देत म्हणतात. म्हणजे अजून किती वर्षं साप चालणार आहे देव जाणे.

दुसरी, तपासणी. आठ मॉक लिहून घेतात, माझे तपासून परत आले तीन. चौथ्याचा, क्लास संपल्यावर, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, तोपण अर्धा, खालचं पान कापलेलं.

तिसरी, ऑफिसातल्या मॅडम. माझ्या दोन रविवारी इमर्जन्सी ड्यूटी लागल्या, लेखी पत्र आणून दाखवलं, तर बदली लेक्चर नाही, रेकॉर्डिंग नाही, "तुम्ही आधी बघून बॅच घ्यायला पाहिजे होती". आयसीयूतल्या नर्सनं आठ आठवड्यांची ड्यूटी आधी बघून ठेवायची! मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर मराठीतच बोलले असते आणि ते सरांच्या कानावर गेलं असतं.

स्पीकिंगची प्रॅक्टिस जवळपास नाहीच. बावीस जणांत माझी पाळी आठ आठवड्यांत दोनदा आली, एकदा "माझं आवडतं ठिकाण" आणि एकदा परत "माझं आवडतं ठिकाण". लिसनिंगला एक छोटा स्पीकर, फॅनचा आवाज त्याच्याहून मोठा.

आणि त्याचं फळ मिळालंच. परवा दुसऱ्यांदा परीक्षा दिली, रायटिंगला 6.5 आले, एकदाचे आले, आणि लिसनिंगला, जिथं मागच्या वेळी 7 होते, तिथं 6.5. हसावं का रडावं. दोन वेळचे मार्क एकत्र धरायची सोय आहे कौन्सिलकडं, त्याच्या अटी नीट वाचून काय ते ठरवेन. लिसनिंगचं खापर मी क्लासवर फोडत नाही, आदल्या रात्री ड्यूटी केली होती, चूक माझी.

5 पैकी साडेतीन स्टार. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला पाच, नोट्सला शून्य, ऑफिसला शून्यच्या खाली काही देता येत असेल तर ते. रायटिंगला अडकला असाल तर जा, स्पीकिंग-लिसनिंगसाठी दुसरीकडं बघा. मराठी मीडियमवाल्यांनी तर जाच, सर सगळं आपल्या मराठीतून उलगडून दाखवतात, नुसता इंग्रजी नियम अंगावर टाकत नाहीत. चेची म्हणते तिलापण फायदा झाला, तिची भाषा वेगळी असून.

ड्यूटीवर आता एक बदल झालाय. परवा रात्री ज्युनिअर पोरगी हँडओव्हर लिहीत होती, मी मागून बघितलं, व्हाइल चेंजिंग सलाइन, पेशंट कम्प्लेन्ड ऑफ चेस्ट पेन. मी म्हटलं, अगं, पेशंट सलाइन बदलत होता का? ती माझ्याकडं बघतच राहिली. मग मी मागच्या कोऱ्या कागदावर सलाइनची बाटली काढली, पेशंटला दोन हात काढले, तेवढ्यात बेड सहाचा मॉनिटर वाजला आणि आम्ही दोघी पळालो.

जाणार असाल तर साडेपाचला पोचा, डुगडुगणाऱ्या खुर्च्या भिंतीकडच्या रांगेत आहेत, तिकडं बसू नका. गाडी झेरॉक्सच्या दुकानासमोर लावू नका, दुकानवाले हवा सोडतात.